रविवारची बाणगंगा भेट: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेला तिकीट खिडकीजवळ जमायचे आहे. तिथून टॅक्सीने वाळकेश्वरला, बाणगंगा कुंडावर जाऊ.

सीतामाईच्या शोधात निघालेले प्रभू रामचंद्र इथे थांबले, तहान लागली म्हणून त्यांनी बाण मारला आणि पाताळातून गंगा वर आली, अशी कथा आहे. लक्ष्मणाला काशीहून शिवलिंग आणायला उशीर झाला, तेव्हा रामाने वाळूचेच लिंग करून पूजा केली, असेही सांगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी कुंडातल्या झऱ्याचे पाणी गोडे! हे प्रत्येकाने एकदा तरी पाहायलाच हवे. कुंड ११२७ सालचे, शिलाहार राजांच्या काळातले. कुंडाजवळचे वाळकेश्वराचे शिवमंदिर पुढे पोर्तुगीज काळात पडले. १७१५ मध्ये व्यापारी रामा कामत यांनी ते पुन्हा बांधले. कुंडाच्या काठावरच्या दीपमाळा सावकाश पाहा, नुसते फोटो काढून पुढे जाऊ नका.

कळकळीची विनंती: पाण्यात निर्माल्य, पाव, पीठ काहीही टाकू नका. पुण्य म्हणून टाकलेले अन्न कुजते आणि त्रास मासे-बदकांना होतो. कोणी श्राद्धविधी करत असेल, तर त्यांचा फोटो काढू नका, आवाजही खाली ठेवा.

पायऱ्या शेवाळलेल्या असतात. चांगल्या पकडीच्या चपला घाला, गुडघेदुखी असलेल्या काका-काकूंनी वरच बसावे. पाणी, टोपी आणावी. येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव कळवावे, म्हणजे टॅक्सी ठरवता येतील.