प्लॅटिनमच्या साठ्याचे मोल गुणाकाराने ठरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टन सोने सापडल्याच्या बातम्या देशभर झळकल्या होत्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला खुलासा करावा लागला: धातुक (धातू असलेला दगड) सुमारे ५२,८०६ टन, त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे सोने साधारण १६० किलो. तेवढ्यावर विषय मिटला. आता चलती ‘क्रिटिकल मिनरल्स’ची, म्हणजे उद्योगांना अत्यावश्यक पण पुरवठा बेभरवशाचा असलेल्या खनिजांची आहे. २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या ३० खनिजांच्या यादीत प्लॅटिनम गटातले धातू (प्लॅटिनम, पॅलेडियम आणि त्यांचे चार सोबती) आहेत आणि त्यांच्या क्षेत्रांचे लिलावही केंद्रच करते. त्यामुळे ‘अमुक जिल्ह्यात प्लॅटिनम, किंमत इतके हजार कोटी’ असे मथळे येत राहणार. ही किंमत काढतात कशी, यावर चार ओळी लिहाव्यात म्हणून हा पत्रप्रपंच. माझी नोकरी खनिजांच्या पृथक्करणात गेली, एवढाच माझा अधिकार.

उदाहरण आपल्याच देशातले घेऊ. २०१५ च्या राष्ट्रीय खनिज सूचीत भारतातले प्लॅटिनम गटाचे एकूण धातुमान १५.७ टन दाखवले आहे. पैकी १४.२ टन ओडिशातल्या नीलगिरी, बौला-नौसाही आणि सुकिंदा भागात, उरलेले १.५ टन कर्नाटकातल्या हनुमलापूरला. १५.७ टन म्हणजे सुमारे पाच लाख औंस. औंसाला हजार डॉलर धरले तर पन्नास कोटी डॉलर, रुपयांत चार हजार कोटींच्या वर. झाला मथळा तयार! पण सूचीत हे सगळे ‘संसाधन’ या रकान्यात आहे, ‘राखीव साठा’ या रकान्यात नाही. खणून विकणे परवडेल असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही, असा त्याचा अर्थ. दक्षिण आफ्रिका दर वर्षी एकट्या प्लॅटिनमचेच शंभर टनांहून अधिक उत्पादन काढते, हेही शेजारी ठेवून पाहावे.

पहिली मेख नमुन्याच्या तपासणीतच असते. दगडाची तीस ग्रॅम पूड घ्यायची, मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड), सोडा, टाकणखार आणि चिमूटभर कणिक घालून मुशीत हजार अंशांच्या वर वितळवायची. शिसे खाली बसताना मौल्यवान धातू सोबत घेऊन जाते. वरची काचेसारखी मळी हातोडीने फोडायची आणि शिशाचा गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. शिसे वाटीत मुरते आणि मागे डोळे ताणून पाहावा लागणारा मणी उरतो. टनाला दोन ग्रॅमचा दगड असेल तर त्या तीस ग्रॅम पुडीत धातू असतो साठ मायक्रोग्रॅम! त्यात एखादा कण जास्त आला की आकडा फुगतो, नाही आला की पडतो. आणि दगडात क्रोमाईट (क्रोमियमचे काळे खनिज) असेल तर काळे कण नेहमीच्या मिश्रणात नीट वितळतच नाहीत, धातू मळीत अडकून राहतो. तिथे पूड कमी आणि टाकणखार जास्त घेऊन पुन्हा भट्टी लावावी लागते. ओडिशातले हे सगळे पट्टे क्रोमाईटचेच आहेत. त्यामुळे एका खंदकातल्या एका नमुन्याचा ‘सात ग्रॅम’ हा आकडा छापण्यापूर्वी तो कितीदा आणि कोणत्या पद्धतीने तपासला, किती जाडीच्या थरावर धरला, हे विचारायला हवे.

क्रोमाईट पुढेही पाठ सोडत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड या खडकपट्ट्यात १९२४ साली प्लॅटिनम सापडले आणि तिथल्या मेरेन्स्की रीफवर (रीफ म्हणजे धातूचा पातळ थर) खाणी उभ्या राहिल्या. त्याच्या खालचा यूजी-२ हा क्रोमाईटचा थर मात्र माहीत असूनही अनेक दशके पडून होता. क्रोमियम वितळलेल्या मळीत फारसे विरघळत नाही, भट्टीच्या तळाशी साचते आणि भट्टी बसते. अधिक तापमानाच्या विद्युत भट्ट्या आणि क्रोमाईट वेगळे ठेवणारे फ्लोटेशन (दळलेल्या दगडातले धातूचे कण पाण्यातल्या फेसावर तरंगवून काढणे) जमल्यावरच तो थर धंद्यात आला. आज तोच मोठा आधार आहे. दगड तोच, ग्रॅमही तेवढेच. अर्थशास्त्र बदलले ते भट्टीमुळे. आपल्याकडे खाणीतल्या धातुकातून प्लॅटिनम काढणारी अशी भट्टीच नाही. फ्लोटेशनमधून निघालेली धातूची दाट पूड, म्हणजे कॉन्सन्ट्रेट, परदेशी स्मेल्टरला (धातू वितळवून काढणाऱ्या कारखान्याला) द्यावे लागेल आणि तो पूर्ण धातूचे पैसे कधीच देत नाही. समजा, फ्लोटेशनने ७० टक्के धातू हाती आला आणि स्मेल्टरने त्यातल्या ८० टक्क्यांचे पैसे दिले. म्हणजे चार हजारांतले सव्वादोन हजार कोटी उरले, आणि खोदाई, दळण, वीज, रॉयल्टी, पुनर्वसन अजून वजा व्हायचेच आहे. वरच्या सडलेल्या दगडात तर ७० टक्के हे स्वप्नच. झिम्बाब्वेच्या ग्रेट डाइक या प्लॅटिनमच्या पट्ट्यात पृष्ठभागाजवळच्या ऑक्सिडाइज्ड धातुकातून फ्लोटेशनने निम्माही धातू निघत नाही. आणि आपले खंदकातले नमुने नेमके त्याच थरातले असतात.

राहिला भाव. ‘प्लॅटिनम गट’ म्हणजे सहा धातू, आणि त्यांचे भाव सहा दिशांना पळतात. अमेरिकेतल्या माँटानाची स्टिलवॉटर खाण टनाला दहा ग्रॅमांच्या वर देणारी, जगातल्या श्रीमंत रीफपैकी एक. पण तिच्यात पॅलेडियम प्लॅटिनमच्या तिपटीहून जास्त. पॅलेडियम मार्च २०२२ मध्ये औंसाला तीन हजार डॉलरवर होते, २०२४ मध्ये हजाराच्या खाली आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मालक कंपनीने खाणीचा पश्चिम भाग थांबवून शेकडो कामगार कमी करण्याचे जाहीर केले. ग्रॅम मोजून कोणाची नोकरी वाचली नाही.

यावरून ओडिशाचा नाद सोडावा असे मी म्हणत नाही. बौला-नौसाहीत १९४०च्या दशकापासून क्रोमाईट निघते आहे. रस्ते, खड्डे, दळणाची सोय आयती आहे. तिथे प्लॅटिनम जोडउत्पादन म्हणून परवडू शकेल, स्वतंत्र खाण म्हणून मला शंका वाटते. चाकणच्या रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) हेच धातू आहेत, आणि जुन्या कन्व्हर्टरच्या सिरॅमिकमध्ये ते टनाला हजार ग्रॅमांच्या घरात भरतात. त्यांचे शुद्धीकरण नवी मुंबईत होते. भंगारवाल्यापासून तिथवरची साखळी नीट झाली तर कोणत्याही लिलावापेक्षा लवकर धातू हाती येईल, असे माझे मत.

एक विनंती आपल्याला आणि एक खाण मंत्रालयाला. यापुढे अशी बातमी छापताना चार गोष्टी सोबत द्याव्यात: अन्वेषण जी-४ पातळीवर (प्राथमिक पाहणी) आहे की जी-२ (बरेच पुढचे), थराची जाडी किती, सहांपैकी कोणता धातू किती, आणि प्रयोगशाळेत त्यातला किती निघाला. मंत्रालयाने लिलावाच्या कागदपत्रांत धातुप्राप्तीच्या चाचणीचा अहवाल जोडावा. चाचणी झालीच नसेल तर तसे पहिल्या पानावर लिहावे. बोली लावणारा तेच पान आधी उघडतो.

आपला,
एक निवृत्त खनिज-रसायनतज्ज्ञ, नागपूर