लाल तुझे, पिवळे माझे

सांगली,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा हरिपूरला गेलो होतो. संगमेश्वराचं दर्शन घेऊन कृष्णा-वारणेच्या संगमाकडे उतरलो. काठच्या गवतावर चतुर भिरभिरत होते, आणि तुझी फार आठवण आली.

घाटावर सापडायचे ते लाल तुझे, हळदीच्या रानात सापडायचे ते पिवळे माझे. कुणाची जात भारी, यावरून आपण किती भांडलो! अरे, दोन्ही जात एकच. लाल तो नर, पिवळसर ती मादी. नर पाण्याकाठी जागा धरून बसतो, दुसरा नर आला की हुसकावतो. मादी एरवी पाण्यापासून लांबच असते; जोडी जमायला आणि अंडी घालायला तेवढी येते. म्हणून तुला लाल आणि मला पिवळे.

पण नुसत्या रंगावर जाऊ नकोस. कोवळा नरही पिवळाच असतो, नंतर लाल होतो. काही हिरवट-काळ्या पट्ट्यांच्या चतुरांत तर नर-मादी दिसायला सारखेच. खात्रीची खूण पोटाखाली. आपण जिला शेपटी म्हणायचो ते त्याचं पोट, त्याला दहा वलयं. बाजूनं बघ: पंखांच्या लगेच मागे, दुसऱ्या वलयाखाली बारीक उंचवटा दिसला की नर. मादीचं तिथं सपाट. नराचं बीज तयार होतं नवव्या वलयाशी, पण मीलनाआधी तो पोट वाकवून ते या उंचवट्यात आणून ठेवतो. शेपटीच्या टोकाच्या चिमट्यानं तो मादीचं डोकं मागून धरतो, मग ती पोट पुढं वळवून त्या उंचवट्याला लावते. दोघांचं मिळून एक कडं होतं. आपण त्याला ‘जोडचतुर’ म्हणून दगड मारायचो, ते हेच.

परवा एक मादी पाण्यावर टोक टेकवत चालली होती. टप, टप, टप. दर टेकीला अंडी. तो लाल नर तिच्या वर वीतभर उंचीवर घिरट्या घालत होता, दुसऱ्याला फिरकू देत नव्हता. मी पाऊण तास हललो नाही.

आपण दोरा बांधायचो तो नेमका त्या चिमट्याच्या जागी. तो किती चतुरांना भोवला असेल, हा विचार काही जात नाही.

दिवाळीला येशील तेव्हा ऊन चढल्यावर संगमावर जाऊ. गार सकाळी ते उडत नाहीत. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
घाटावरचा सोबती