महागडे फोन आणि खाऱ्या पाण्याची अट

मा. संपादक महोदय,

सणाच्या तोंडावर दापोलीच्या बाजारपेठेत महागड्या स्मार्टफोनचे फलक लागले असून त्यांतील बहुतेकांवर पाण्याच्या धारेखाली धरलेला फोन दिसतो. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना ८०-९० हजारांच्या फोनची भुरळ पडते ती कॅमेऱ्यामुळे जितकी, तितकीच या चित्रामुळे, हे मी हर्णै बंदरात रोज पाहतो.

माझा पुतण्या मच्छीमार नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आहे. गेल्या हंगामात त्याने ८० हजारांचा फोन २४ हप्त्यांवर घेतला. ‘पाण्यात पडला तरी काही होत नाही’ हा दुकानातला शब्द त्याने प्रमाण मानला. सहाव्या महिन्यात जाळे ओढताना लाट अंगावर आली, खिशातला फोन भिजला आणि चार दिवसांत चार्जिंगच्या खाचेत हिरवट खार धरला. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे सेवा केंद्राने सांगितले. फोन बंद पडला, पण महिना सुमारे ३,३०० रुपयांचा हप्ता चालूच आहे, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेली असतानाही तो भरावाच लागतो. ज्या किमतीत १८ टक्के जीएसटीचेच १२ हजारांहून अधिक रुपये गेले, तिच्या बदल्यात पदरात काय पडले? कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी अट एकाच कंपनीची नाही.

फोन धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित आहे हे सांगणारे ‘आयपी६८’ हे मानांकन प्रयोगशाळेतील गोड्या पाण्याच्या चाचणीवर मिळते. समुद्राच्या पाण्याची हमी त्यात नसते. अशा जाहिरातींवर इतरत्र कारवाई झालेली आहे. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला, तर पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात फोन वापरताना दाखवल्याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२२ मध्ये सॅमसंगच्या तेथील कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

आपल्याकडेही नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतील खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असला पाहिजे. दापोलीतील एका फलकावर मात्र दावा ठळक मराठीत आहे आणि अट तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. दोन हातांच्या अंतरावर उभे राहूनही मला ती वाचता आली नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १६ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची चौकशी करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या फलकांची चौकशी करावी, आणि विक्रेत्यांनी ‘पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत नाही’ हे वाक्य पावतीवर मराठीत छापून, हप्त्याच्या कागदांवर सही घेण्यापूर्वी ग्राहकाला वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, हर्णै (ता. दापोली)