काकूंच्या नावाचं घर

दुबई, रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढा मोठा सौदा केला, धंद्यातला सगळ्यात मोठा दिवस हाच न?" गाडीत होते म्हणून हो म्हणून मोकळी झाले. पण ते खरं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

इथला घराचा सौदा चांगला झाला. बिल्डरची एनओसी म्हणजे ना-हरकत आली, नोंदणीच्या ट्रस्टी ऑफिसात दोन्ही पार्ट्या बसल्या, लँड डिपार्टमेंटची 4 टक्के फी भरली आणि टायटल डीड, म्हणजे मालकीचा कागद, हातात पडलं. घेणाऱ्याचं हे तिसरं घर. पेढा मात्र कोणी वाटला नाही.

मला अभिमान आहे तो पोळ्यावाल्या काकूंच्या घराचा.

आठवतं न, त्या आणि ऑटोवाले काका नागपूरला आपल्या नंदनवनच्या घर-प्लॉटच्या दलालीच्या ऑफिसात आले होते? बावीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढलेली. बेसा रोडकडचा प्लॉट पसंत करून इसाराचे पैसे काकूंनी रुमालात बांधून आणले होते. विकणाऱ्याकडे शंभराच्या स्टॅम्पवरचं कब्जापत्र, बस. मी सात-बारा काढला. जमीन शेतीचीच, नाव भलत्याचंच, आणि इतर हक्कात कर्जाचा बोजा. लेआऊट मंजूर नाही, आरएलचा, म्हणजे प्लॉट नियमित असल्याच्या सरकारी पत्राचा, पत्ता नाही. शेतजमिनीचे छोटे तुकडे विकू न देणारा तुकडेबंदीचा कायदा 1947 पासूनचा, तरी असे तुकडे विकले जायचे आणि गरीबच त्यात अडकायचे. मी सरळ सांगितलं, काकू, रुमालाची गाठ सोडू नका.

ऑफिसचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं तेव्हा. रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "दारात आलेली लक्ष्मी तूच परत पाठवली." मी ताटावरून उठले होते. ते बोलणं फार लागलं होतं, बाबा. कधी बोलले नाही, आज सांगते.

पुढे आठ महिने मी त्यांच्यासाठी फिरले. मानेवाड्यात दोन खोल्यांचं जुनं घर मिळालं. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च स्वच्छ, आरएल होतं, टॅक्सच्या पावत्या ओळीनं लावलेल्या. 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावानं राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट सुरू झाली होती, म्हणून मी काकूंचं नाव सुचवलं. काका लगेच तयार. काकूच म्हणाल्या, "माह्या नावानं कायले? माह्या नावाचं तर लाइट बिलही आलं नाही कधी."

रजिस्ट्रीच्या दिवशी मशीन त्यांचा अंगठा घेईना. जन्मभर तव्यावरच्या पोळ्या हातानं उलटून रेषाच झिजल्या होत्या. एकदा, दोनदा, चारदा. मागे रांग कुरकुरायला लागली आणि काकू हात पदराखाली घ्यायला लागल्या, जणू त्यांचीच काही चूक. मी रुमाल ओला करून त्यांचा अंगठा पुसला, काकांनी खाकी शर्टाच्या टोकानं कोरडा केला. पाचव्यांदा मशीन वाजलं.

सूची दोनचा, म्हणजे रजिस्ट्रीच्या नोंदीचा, कागद हातात आल्यावर त्यांनी आपल्या नावाखाली बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग मला हळूच विचारलं, "याईचं नाव नाही न मधात कुठं?"

"नाही काकू, तुमचंच आहे."

मानेवाड्यापर्यंत ऑटोत त्यांनी तो कागद दोन्ही तळहातांवर आडवा धरून नेला. घडी घालू दिली नाही. मी शेजारी बसले होते. धंद्यातला माझा सगळ्यात मोठा दिवस तो.

एक काम करा. टॅक्सवर नाव चढवायचा अर्ज मी भरून दिला होता, पण इकडे यायच्या गडबडीत बघायचं राहून गेलं. मानेवाड्याला चक्कर मारून यंदाची पावती कुणाच्या नावानं आली ते बघाल? जुन्या मालकाचंच नाव असेल तर मला लगेच कळवा, मी इथून पाठपुरावा करते. उन्हाचं जाऊ नका, संध्याकाळी जा. काकू चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत.

आईला नमस्कार.

तुमची,
लेक