आत्याला, टाचेबद्दल

तांपेरे, फिनलंड

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "मोजा गोल विणतात, तर टाच मधेच वळते कशी?" ते काही तोंडी सांगता येईना, म्हणून हे पत्र. बाबांना मात्र दाखवू नकोस. मुलगा परदेशात जाऊन विणकाम करतो हे ते ग्वाल्हेरात दौलतगंजापासून मेळ्यापर्यंत भेटेल त्याला सांगत सुटतील.

इथे त्याचं कुणाला नवल नाही. शाळेत मुलगे-मुली दोघांनाही हातकाम सक्तीचं असतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला गडी मीटिंगमध्येही विणत बसतो. मी शिकलो तो त्याच्याकडूनच. शिवाय ही मंडळी आपल्यासारखीच जोडे दाराशी काढतात, त्यामुळे घरोघरी पायांत लोकरीचे मोजे.

लोकर ऐकून तू नाक मुरडशील: 75 टक्के लोकर, 25 टक्के नायलॉन. पण नुसती लोकर टाचेशी आणि चवड्याशी घासून लवकर विरते. नायलॉनमुळे मोजा टिकतो.

आता काम. सुया पाच, दोन्हीकडे टोकदार. जाड लोकरीवर 48 टाके घालायचे, चार सुयांवर बारा-बारा, आणि पाचवीनं विणत जायचं. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. ती तुला झोपेतही येईल. पुढे सगळं सुलट, गोल गोल. शिवण कुठेच येत नाही.

टाचेपाशी निम्मे टाके, म्हणजे 24, तसेच थांबवायचे. उरलेल्या 24 वर स्वेटरच्या पाठीसारखं पुढेमागे विणायचं. सुलट ओळीत एक टाका विणायचा, पुढचा न विणता नुसता सुईवर घ्यायचा. त्यानं मागे धागा आडवा राहतो आणि टाच दुहेरी जाड होते. उलट ओळीत पहिला टाका नुसता घ्यायचा, बाकी उलट. अशा 24 ओळी झाल्या की चौकोनी तुकडा लोंबायला लागतो. तो बघून तुला वाटेल, याचा मोजा काय होणार!

खरी गंमत पुढे आहे. 24 टाके मनात आठ-आठ-आठ वाटायचे. मधल्या आठांतला शेवटचा टाका बाजूच्या पहिल्याशी जोडून विणायचा आणि तिथूनच उलटं फिरायचं. पलीकडेही तेच. प्रत्येक ओळीला बाजूचा एक टाका खाल्ला जातो. बाजूचे संपून मधले आठ उरेपर्यंत कापडाला आपोआप वाटीसारखा खोलगट आकार येतो. ना कापणं, ना चुण्या. मग तुकड्याच्या दोन्ही कडांवरून बारा-बारा टाके उचलायचे आणि थांबवलेले 24 परत गोलात घ्यायचे. झाले 56. एक फेरी आड दोन्ही बाजूंना एकेक कमी करत पुन्हा 48 वर यायचं, की पाऊल सरळ चालतं. करंगळी झाकली गेली की बोटांकडे टाके घटवायला लागायचं.

तू इतके स्वेटर विणलेस, पण मोजे आपण कायम लुधियानाचेच आणले, नाही का? ते पातळ असतात. जानेवारीत आपल्या लश्कर भागातल्या घरातली दगडी फरशी पहाटे कशी चावते ते मी विसरलेलो नाही.

म्हणून एक काम कर. कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची लांबी घे, आणि चवड्याचा सगळ्यात रुंद भाग टेपनं मोज. सैल धरू नकोस. मोजा त्या घेरापेक्षा दहावा हिस्सा कमी ठेवतात, नाहीतर पायात फिरतो. संध्याकाळी मोज, दिवसभरानंतर पाय जरा सुजलेला असतो. बाबांचंही माप काहीतरी निमित्त काढून घे. रंग त्यांना राखाडी, तुला विटकरी. हिरवा हवा असेल तर आत्ताच सांग, लोकर शनिवारी आणणार आहे.

तुझा,
बाळू