मामा, तुम्ही दिलेल्या किल्लीबद्दल

कोल्हापूर

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात फेटा, शाल, श्रीफळ सगळे रीतसर झाले, साहेबांची भाषणेही झाली. पण सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडल्यामुळे मी इतरांची नावे पुकारत राहिले आणि माझे स्वतःचे दोन शब्द बोलायचे राहून गेले. ते आज लिहिते आहे. पत्र सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे, की तुम्हाला एकट्याला सांगितले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवाल. शिवाय शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत आज कोणी बंद मशीनशेजारी घड्याळाकडे बघत बसले असेल, तर त्याच्याही हे कानावर पडावे असे वाटते.

2019 सालची मंदी का आली, हे मला पुढे हळूहळू उमगले. आपली फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून भाग ओतणारा कारखाना, ट्रकच्या सुट्या भागांवर चालत होती. जुलै 2018 मध्ये सरकारने मालवाहू गाड्यांची भार वाहण्याची मर्यादा साधारण 20 ते 25 टक्क्यांनी वाढवली, त्यामुळे जुन्याच गाड्यांत जास्त माल जाऊ लागला आणि नव्या गाड्यांची गरज कमी झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या कंपनीने देणी थकवल्यावर बिगर-बँक वित्तसंस्थांचा कर्जपुरवठा आखडला. आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 या धुराच्या नव्या, कडक निकषांच्या इंजिनांची सक्ती होणार असल्याने बाजारात सगळेच हात राखून होते. आम्हाला मात्र एवढेच दिसत होते, की डिस्पॅचच्या फळ्यावरचे आकडे रोज आटत चालले आहेत. तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी, मग आठवड्याचे दोन दिवस भट्टी थंड. कंत्राटी मुलांना येऊ नका म्हणून सांगितले गेले. मी तपासणी विभागात होते, आणि ओतकामच होत नसेल तर तपासायचे काय?

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेल्याने कारखान्याकडे कोणाला फिरकता आले नाही. रस्ता खुला झाला त्या सकाळी मी राजीनाम्याचा कागद पर्समध्ये घेऊन आले होते. पुण्याला मावशीकडे राहून काहीतरी मिळेल, असा बेत होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. कागद द्यायला ऑफिसकडे निघाले, तर तुम्ही पॅटर्न रूमच्या दारात उभे होता. पॅटर्न म्हणजे वाळूत दाबून ओतकामाचा साचा उठवायचा लाकडी नमुना. आत ओल शिरून लाकूड फुगायला लागले होते आणि तुम्ही एकटेच एकेक पॅटर्न उचलून शेडमध्ये सावलीला मांडत होता. मी एक उचलून बाहेर उन्हात ठेवला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "उन्हात नको बाई, तडकंल. सावलीतच वाळू दे." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपण दोघे तेच करत होतो. घरी जाताना तुम्ही खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवलीत आणि उद्यापासून वही घेऊन ये म्हणालात. कागद पर्समध्येच राहिला.

त्या खोलीत पॅटर्न किती आहेत, कोणता कशाचा आहे, हे फक्त तुमच्या डोक्यात होते. तुमच्या आधीच्या मिस्त्रींनी घडवलेले सागवानी पॅटर्न, भागातली पोकळी राखणारा वाळूचा गाभा घडवायचे त्यांचे कोअर बॉक्स, अर्धे नाव पुसलेले, काही बिननावाचे. रोज काम संपल्यावर नव्हे, तर कामाच्या वेळेतच, भट्टी थंड असेल त्या दिवशी, आपण त्यांना क्रमांक द्यायला लागलो. मी मापे घेऊन लिहायची आणि तुम्ही तो भाग कुठे बसतो ते सांगायचे.

पहिल्या पंधरा दिवसांत मी किती मोठी चूक केली होती! माझ्याकडे ड्रॉइंग होती, हातात नेहमीची स्टीलची पट्टी होती, आणि जवळजवळ प्रत्येक पॅटर्न ड्रॉइंगपेक्षा मोठा भरत होता. मी डिप्लोमावाली, चाळीसएक नोंदींपुढे लाल पेनने "माप चुकीचे, दुरुस्ती आवश्यक" असा शेरा मारून वही तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही रागावला नाहीत. खणातून तुमची जुनी पट्टी काढून माझ्या पट्टीला खेटून ठेवलीत. शून्याला शून्य जुळले होते, पण पुढे पुढे तुमच्या पट्टीवरचे आकडे सरकत गेले होते. बिडाचे लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टी तेवढी वाढवूनच आखलेली असते. 400 मिलिमीटरची वस्तू हवी तर पॅटर्न 404 चा, आणि जिथे मशीनिंग व्हायचे त्या अंगाला आणखी माया वेगळी. श्रिंकेज अलाउन्स हा शब्द मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिला होता. तो हातात धरून पाहिला त्या दिवशी. माझ्या शेऱ्यांवर विश्वास ठेवून कोणी ते पॅटर्न तासले असते, तर काय झाले असते या विचाराने आजही कानशिले तापतात. ते चाळीस शेरे तुम्ही मला खोडू दिले नाहीत. शेजारी बरोबर माप लिहायला लावलेत. ती पाने अजून तशीच आहेत.

त्याच महिन्यांत व्यवस्थापनाकडून रोज सकाळी मोबाइलवर "संकट हीच संधी" छापाचे संदेश येत. पगार उशिरा होत असताना ते वाचून उमेद येण्याऐवजी चीड यायची, हे आता लिहायला हरकत नाही. तुम्ही असले एक वाक्य कधी उच्चारले नाहीत. सकाळी आल्यावर काय करायचे आहे, हे आदल्या संध्याकाळी ठरलेले असले की माणूस घरून निघतो, एवढेच मला तुमच्याबरोबर राहून कळले. उद्या क्रमांक 61 ते 70. त्यापलीकडचा विचार तुम्ही करू दिला नाहीत.

25 मार्च 2020 ला देश बंद झाला तेव्हा आपली वही 237 नोंदींवर पोचली होती. ती मी घरी नेली होती आणि टाळेबंदीत सगळी संगणकावर चढवली. भागाचे घनफळ घन सेंटिमीटरमध्ये काढून त्याला 7.2 ने गुणले की बिडाचे वजन ग्रॅममध्ये मिळते, हे तुमचेच गणित वापरून प्रत्येकापुढे अंदाजी वजनही टाकले. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाचे उत्पादन सरकारच्या पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घसरले, पण शेती 3.4 टक्क्यांनी वाढली. ट्रकचे नाव कोणी काढत नव्हते. ट्रॅक्टर मात्र विकले जात होते आणि शेतीपंपांना मागणी होती. एका पंपवाल्याने विचारणा केली तेव्हा त्याच्या मापाच्या जवळ जाणारे केसिंगचे, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचे, तीन पॅटर्न आपल्याकडे आहेत, थोड्या बदलात चालतील आणि वजन अमुक भरेल, हे आपण त्याच संध्याकाळी कळवू शकलो. एरवी नवा पॅटर्न करण्यातच कित्येक दिवस गेले असते.

ती ऑर्डर फार मोठी नव्हती, आणि तिने कारखाना तारला असे मी म्हणणार नाही. कापलेला पगार पूर्ववत व्हायला पुढे बरेच महिने लागले. मोल्डिंगमधली जी मुले गावी परतली, त्यांतली कित्येक पुन्हा दिसली नाहीत. त्यांना कोणी किल्ली दिली नव्हती, आणि दिली असती तरी रोजंदारी बुडालेल्या माणसाने वही लिहून पोट कसे भरावे? परिस्थितीप्रमाणे बदला असे सांगणारे हा हिशोब सोयीस्करपणे विसरतात. माझ्यापुरते म्हणाल, तर त्या पंपाच्या कामानंतर नव्या कामांचे अंदाजपत्रक माझ्याकडे आले आणि तपासणी टेबलावरची मुलगी गिऱ्हाइकाशी बोलू लागली. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. चाळीस लाल शेऱ्यांची गोष्ट तुम्ही ऑफिसात कुणालाही सांगितली नाहीत, त्याबद्दल अधिकच.

एक काम मात्र अर्धवट आहे. नोंद क्रमांक 118 पुढे "कशाचा?" एवढेच लिहिलेले आहे. वीतभर लांबीचा, एका बाजूला कान असलेला, मागे खडूने काढलेली फुली. तेव्हा तुम्ही "आठवंल" म्हणाला होता. येत्या रविवारी सकाळी तो पिशवीत घालून तुमच्याकडे घेऊन येते. आधी गंगावेशीत कट्ट्यावर दूध पिऊ, मग बघू.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
तपासणीतली बाई