प्रिय सुधीर, नाणी घासू नकोस

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

आजोबांच्या डब्यातल्या नाण्यांचे फोटो मिळाले. जेवण झाल्यावर मोठे करून पाहिले आणि झोपच उडाली. बाकी सगळं नंतर, आधी हात जोडून एक सांगतो: त्यांना चिंच, लिंबू, राख, काहीही लावू नका. वहिनींना तसं आजच सांग. तांब्यावरचा तो काळपट थर शे-दोनशे वर्षांत चढलेला असतो आणि खालच्या अक्षरांना तोच सांभाळतो. घासलं की थराबरोबर अक्षरांच्या कडाही जातात, आणि गेलेली कड परत आणता येत नाही. फिकट हिरवी पूड सुटताना दिसली तर मात्र लगेच कळव, तो धातूला लागलेला रोग असतो.

आता तुझा प्रश्न. दोन तांब्याची नाणी ‘बिघडलेली’ आहेत, टाकून द्यावीत का, असं तू विचारलंस. अरे, त्या दोन्ही शिवराया, म्हणजे ‘शिवराई’ नाणी आहेत! एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. १६७४ च्या राज्याभिषेकापासून हे नाणं सुरू झालं आणि एकोणिसाव्या शतकातही लोकांच्या हातात खेळत होतं. महाराज गेल्यानंतर, पेशवाईत, तोच मजकूर कितीतरी टांकसाळींतून पाडला गेला. तुझ्या दुसऱ्या नाण्यावर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मधे दोन आडव्या रेघा आहेत बघ. ती दुदांडी, म्हणजे नंतरच्या काळातली.

पहिलीवर ‘श्री’ अर्धाच आहे, ठिपक्यांचं वर्तुळ एकीकडे घसरलंय, काठाला चीर आहे. मला ती फार आवडली. कारण सांगतो. नाणं हाताने पाडताना खालचा ठसा, म्हणजे उलटी अक्षरं कोरलेला साचा, ऐरणीत पक्का बसवलेला असे, वरचा कारागिराच्या हातात. मधे तांब्याची चकती ठेवायची आणि वरून हातोडा. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे चकती जिथे पडेल तेवढीच अक्षरं उमटणार. घाव वरच्या ठशावर बसतो, म्हणून तो आधी झिजतो, फुटतो. ठशाला तडा गेला की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर एक उंच रेघ येते. तुझ्या दुदांडीवर ‘ति’पासून काठापर्यंत गेलेली ओळ ही तीच, ओरखडा नव्हे. ओरखडा खोल असतो, ही वर आलेली आहे. नखाने हळूच चाचपून बघ.

काठाची चीर कशी येते ते मला कसब्यातल्या तांबट आळीत नीट कळलं. तिथे एक कारागीर पत्रा ठोकत होते. ठोकता ठोकता तांबं कडक होत जातं, आवाज बदलतो, आणि तसंच पुढे रेटलं तर काठ फाटतो. म्हणून ते मधेच पत्रा भट्टीत धरून लाल करतात, मग तो परत मऊ होतो. टांकसाळीत रोजची घाई. चकती पुन्हा तापवली नाही की ठोक्यासरशी काठ उलला. तुझ्या हातात कुणा एका माणसाच्या एका दुपारचा एक ठोका आहे, सुधीर. तराजूचं चित्र असलेला तुझा १८०४ चा पैसा बघ, ईस्ट इंडिया कंपनीने तो इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर करून घेतला. सुबक आहे. एक पाहिला की सगळे पाहिले.

पण खरी गंमत त्या वाकड्या तारेत आहे, जिला तू केसांची पिन म्हणालास. ती बहुतेक लारी आहे! हेही नाणंच. चांदीची तार ओढून, बोटाएवढी कापून, मधोमध दुमडायची आणि दोन्ही बाजूंनी ठसा मारायचा. इराणातल्या लार शहरात ही पद्धत रुळली, होर्मुझ बंदराच्या व्यापाराबरोबर पसरली, आणि आपल्या कोकणात आदिलशाहीने ती पाडली. दुसऱ्या अली आदिलशहाच्या (१६५६ ते १६७२) नावाच्या लाऱ्या मिळतात. तार इतकी अरुंद की ठशावरच्या फारसी ओळीतला जेमतेम एक पट्टा उमटतो. चार-पाच लाऱ्या शेजारी ठेवाव्यात तेव्हा कुठे वाक्य पुरं होतं. दाभोळ खाडीकाठच्या घरात ती सापडावी यात नवल नाही, पण मी अजून एकही हातात धरलेली नाही.

बिघाड म्हणून लोक जे बाजूला काढतात, तिथेच मी आधी बघतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९,२७० च्या आसपास नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. वितळवायची गरजच नव्हती. चांदी तीच, वजन ठरलेलं. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर थेट आपलं कमानींच्या टेकडीचं चित्र आणि आपलं चिन्ह उमटवलं, आणि नाणं पुन्हा बाजारात. नीट पाहिलं तर टेकडीच्या कमानींखालून नहपानाचं नाक, हनुवटी दिसते. स्वच्छ, सुंदर, एकाच ठशाच्या नाण्यावर ही लढाई कुठून दिसणार?

आता कामाचं. गावातल्या सराफाकडे लारीचं वजन करून घे, ग्रॅमच्या दुसऱ्या दशांशापर्यंत; पावणेपाचच्या आसपास भरायला हवं. ओतीव नकलेला कडेने जोडाची रेघ असते आणि अंगावर बारीक खड्डे, तेही बघ. नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नकोस, तांब्याला ते बाधतं. साध्या कोऱ्या कागदाच्या पुड्या कर. पुतण्या एखादं दुबईला नेईन म्हणतोय, त्याला नाही सांग. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. आणि काकांना एकदा विचार, डबा पहिल्यापासून घरातलाच ना? जमिनीत सापडलेला असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ते लगेच करून टाकू.

लारीच्या दोन्ही पायांचे फोटो पाठव, उजेड तिरका पडेल असे, म्हणजे अक्षरं उठून दिसतील. फारसी वाचणारे एक ओळखीचे सर आहेत, त्यांच्याकडे घेऊन जातो. काकूंना नमस्कार, वहिनींना रागावू नको म्हणावं.

तुझाच,
मिलिंद